दोन दिवसांच्या अळ्या

आई, अळणावरच्या दवाखान्यातली तुझी ड्रेसिंगची खोली मला अजून नीट आठवते. शाळेला सुट्टी, मी अकरा वर्षांची, कोपऱ्यातल्या स्टुलावर. एक शेतकरी म्हाताऱ्या वडिलांना पाठीवर घेऊन येतो. त्याची बायको आत न येता उंबऱ्याशीच थांबते. म्हाताऱ्याच्या पायाला आठ दिवसांपूर्वी कुऱ्हाड लागलेली. तू फडकं सोडतेस, तर जखमेत पांढऱ्या अळ्या वळवळत असतात. मी नाक दाबते. तू दाबत नाहीस. "हिनंच बघितलं नाही, अक्का," मुलगा कानडीत म्हणतो. "चार दिवस माहेरी कलघटगीला जाऊन बसली, आज उगवली. जायच्या आधीच किडे पडले असणार. आता गावात काय तोंड दाखवू?" बायको खाली मान घालून उभी.

तू टर्पेंटाइनचा बोळा जखमेवर ठेवलास आणि नुसती थांबलीस. "अळी मागच्या टोकानं श्वास घेते," मला मराठीत म्हणालीस. "कोंडली की आपणच वर येते. घाईनं ओढली तर तुटते." मग चिमट्याने एकेक काढू लागलीस. "सावकाश, अक्का," म्हातारा म्हणाला, "मुलापेक्षा या अळ्याच माझ्याजवळ जास्त बसल्यात." "मग डब्यात भरून देऊ का घरी न्यायला, अज्जा?" तू विचारलंस, आणि तो एवढ्या दुखण्यातही खोकेपर्यंत हसला. शेवटी एक अळी तू खिडकीच्या उजेडात धरलीस. "ही दोन दिवसांची. तम्मा, दोन दिवसांपूर्वी घरात कोण होतं?" मुलाला हे विचारताना आवाज अजिबात चढवला नव्हतास. मुलगा भिंतीकडे बघत राहिला. त्याची बायको आत आली आणि तिने सासऱ्याचा पाय धरला.

तुला जाऊन चौदा वर्षं झाली. मी पुढे माश्यांच्या अळ्यांवरच शिकले, आता प्रयोगशाळेत तेच काम करते. जात, लांबी आणि तापमान कळल्याशिवाय मी अळीचं वय लिहीत नाही, दुसऱ्याने लिहिलं तर लाल शेरा मारते. तुझे दोन दिवस नुसत्या डोळ्यांनी सांगण्यासारखे नव्हते. चारही असू शकले असते. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी तुझ्यावर नाराज झाले होते. तुझं ते थांबणं मात्र मी रोज वापरते. तितका स्थिर हात मला अजून जमलेला नाही.

गेल्या आठवड्यात, इथे नवनगरला, आमच्या खालच्या घरातल्या आजींच्या पाठीवरच्या जखमेत अळ्या निघाल्या. ॲम्ब्युलन्स यायची होती, तेवढ्यात त्यांच्या मुलांनी मला बोलावलं. आजींना सांभाळणारी बाई चार दिवसांची रजा संपवून त्याच सकाळी परतली होती. हातातली पिशवीसुद्धा तिने खाली ठेवली नव्हती. "जायच्या आधीपासूनचं आहे हे. हिला दिसलं नाही?" थोरला म्हणाला. "मॅडम, तुम्हाला यातलं कळतं, तुम्हीच सांगा." मी वाकून पाहिलं. माझ्याजवळ मोजपट्टी नव्हती, तापमापक नव्हता. "दोन दिवसांच्या आहेत," मी म्हणाले. "दोन दिवसांपूर्वी आजींजवळ कोण होतं?"

बाईने पिशवी ठेवली आणि ती आजींच्या उशाशी जाऊन बसली.

हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुला लिहिते आहे. त्यातली एक अळी मी डबीत घालून आणली होती, मोजायला. डबी टेबलावरच आहे. अजून मोजलेली नाही.