मुक्ताच्या स्विमसूटचं अस्तर

मंगळवार, संध्याकाळ

पाठ भरून आलीय, तरी लिहिते. मुक्ताला गेल्या आठवड्यात पोहायच्या क्लाससाठी शिवून दिलेल्या फिकट पिवळ्या स्विमसूटचं पांढरं अस्तर आज उसवलं. ओलं झालं की आरपार दिसतं, असं ती आज सकाळी पहिल्यांदा म्हणाली. मी नळाखाली धरून पाहिलं. खरंच दिसत होतं.

दुपारी तिला घेऊन टावर चौकातल्या कापडाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हल्के रंग में स्किन कलर लगाओ, कुछ नहीं दिखेगा," आणि त्यानं गुलाबीसर, गोरा तुकडा पुढे केला. मुक्तानं तो आपल्या दंडावर ठेवला. लेक सावळी आहे, माझ्यासारखीच.

"अंकल, ये किसकी स्किन है?"

"बेटा, स्किन तो यही आता है."

मी गप्प राहिले. का? थकले होते म्हणून? की मीही जन्मभर तसलाच तुकडा स्किन म्हणून मागत आले म्हणून? शेवटी तिनंच मागचे गठ्ठे उपसून चहाच्या रंगाचं कापड काढलं. "ये तो दिखेगा," तो म्हणाला. तरी घेतलं.

आत्ता शिवून झालं. ती घालून शॉवरखाली उभी राहिली, निथळत आरशासमोर आली, पुढून-मागून पाहिलं. काही दिसत नव्हतं.

"आई, जमलं. उद्यापासून टॉवेल काठावर ठेवायला नको."

म्हणजे आठवडाभर पोरगी पाण्यातून निघाल्या निघाल्या टॉवेल गुंडाळत होती. मला वाटत होतं, तिला थंडी वाजते.