येळवसची भज्जी

उमरगा,
दि. १८ जानेवारी १९८४

सौ. लक्ष्मम्मा विहीणबाई यांना प्रेमाबाईचे शरणु शरणार्थ.

तुमचे गुडघे आता बरे असतील. इकडं थंडी कमी झाली. हे सोसायटीच्या मीटिंगला गेलेत, म्हणून निवांत लिहायला बसले.

तुम्हाला वाचता येत न्हाय, म्हंजे हे पत्र माझी लेकच तुम्हाला वाचून दाखवणार. महानंदा, लिहिलंय तसं वाच. आईला झाकायला काही गाळू नको.

संक्रांतीला तिला आणायला रेवणसिद्धला पाठवलं, तर तो एकटाच परत आला. "तुझ्या आईला आमचं अन्न चालत न्हाय, मग आमची सून कशाला न्यायची?" असं तुम्ही म्हणालात म्हणे. तुमचं चुकलं न्हाय. येळवसच्या अवसेला तुमच्या शेतात पूजेला आलो, तेव्हा कडब्याच्या कोपीमागं, पत्रावळीतली भज्जी मी तुमच्या बैलाला चारत होते, आणि तुम्ही आणखी वाढायला पळी घेऊन आलात. बैलाला गोंजारतेय असं मी म्हणाले. कोपरापर्यंत हात भज्जीनं भरलेला. तुम्ही भरली पळी घेऊन तशाच माघारी गेलात.

भज्जी वाईट नव्हती. वासानंच तोंडाला पाणी सुटलं होतं. पण त्यात तूर, वाटाणा, हरभरा, शेंगदाणे, पाला. यातलं मला काहीच चालत न्हाय. म्हंजे पोट नाजूक हाय. नाजूक म्हंजे, महानंदा, वाच.

तीन वर्षांमागं सोलापूरला माझं ऑपरेशन झालं. लग्नाच्या बोलणीत आम्ही मुतखडा सांगितला. मुतखडा नव्हता. मोठ्या आतड्याला जखमा होऊन रक्त जायचं, ते आतडंच काढून टाकलं. लहान आतड्याचं तोंड पोटावर उजवीकडं आणलंय. त्यावर रबरी पिशवी, पट्ट्यानं बांधलेली. शौचाचं सगळं त्यात. लुगडं एवढं सैल का नेसते, हे तुम्ही विचारलं होतं, ते ह्यामुळं.

आणि अक्षता पडताना जो आवाज आला, तो ह्यांचा नव्हता. पिशवीला वेळकाळ कळत न्हाय. मी रागानं ह्यांच्याकडं बघितलं, मग सगळ्या मांडवानं बघितलं. बिचाऱ्या माणसानं तो आळ आपल्यावर घेतला.

डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं खाऊन बघा, बारीक चावा. मऊ भात, केळं, साबुदाण्याची पेज सोसते. दिवसभर मीठ-साखरेचं पाणी प्यावं लागतं. एकदा मोहानं दोन मुठी हुरडा खाल्ला, आतडं तुंबलं, चार दिवस दवाखान्यात काढले. एकदा बीट खाल्लं. दुसऱ्या दिवशी पिशवीत लाल बघून मी ह्यांना जवळ बसवलं आणि निरवानिरव केली. पाटल्या महानंदाला, म्हैस रेवणसिद्धला. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, काल बीट खाल्लं होतं का? रेवणसिद्ध अजून म्हशीचं विचारतो.

तुमची आंबील मात्र सोसली. पाच गडू प्याले ते म्हणून. थोडं हावरटपणानंही.

लपवलं, कारण पोरीचं लग्न मोडंल ही भीती. खोटं बोलायला तिला मीच लावलं. लग्नाआधी माझी पिशवी तीच धुवायची. येळवसला पंगतीत तिनंच लांबून मान हलवून मला खाऊ नको म्हणून खुणावलं. राग माझ्यावर काढा.

आता झाकायला काही न उरलेली,
प्रेमाबाई

सास्तूर,
दि. २५ जानेवारी

प्रेमाबाई,

सून लिहितीय, बोल माझे. पिशवीपाशी ती थांबली. म्या म्हणाले, वाच. ती रडत वाचली, म्या रागानं ऐकलं. बिटापाशी मला हसू आलं, ते तुम्हाला कळवायचं नव्हतं.

खोटं बोललात त्याचा राग हाय. पण लग्नात आमीबी एक लपवलं. माझ्या पोराची दूध संघातली नोकरी पक्की न्हाय, रोजंदारीवर हाय. सुनेला आत्ता लिहितानाच कळलं, म्हणून हितं शाई सांडलीय. तुमीबी रागवून घ्या.

सोमवारच्या एस.टी.नं दोघी येतो. भात म्याच शिजवीन, पार गुरगुट्या. तुमी खाताना समोर बसणार. न्हाय सोसला तर तोंडावर सांगा.

सुनेनं आईच्या मायेनं मनचंच लिहिलं असं तुम्हाला वाटंल, म्हणून खाली माझा अंगठा उठवलाय.

लक्ष्मम्मा