मागच्या सीटचं वजन

३ सप्टेंबर
ठरलं. महिनाअखेरपर्यंत गाडी घ्यायची. स्पोर्ट टूरिंग मोटरसायकल. लांबच्या प्रवासाची, दोन माणसांना दिवसभर बसता येईल अशी. पुढे मी, मागे बाबा.

कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझंच मन फिरायला नको. बाबांनी सगळी नोकरी एकाच रूटवर बस चालवली. शेवटचा थांबा तळ्याकाठी. तिथे बस वळवायची आणि परत. पण रस्ता तिथे संपत नाही, पुढे डोंगरात शिरतो. पुढे काय आहे ते बाबांनी कधी पाहिलेलं नाही. भरलेली बस घेऊन कुतूहल भागवता येत नाही, असं ते म्हणतात. निवृत्त झाल्यावर जाणार होते. मग गुडघ्याचं दुखणं निघालं, मग आईचं ऑपरेशन, आता हे पोटाचं. तेव्हा मी नेणार.

आई म्हणाली, भाड्याच्या कारने जा की सरळ. बाबा म्हणाले, काचेतून जन्मभर पाहिलं, आता वारा खात जायचंय. विषय मिटला.

मला मोटरसायकल येते. डेपोमागच्या मैदानावर बाबांनीच शिकवली. फक्त एवढी जड गाडी अजून चालवलेली नाही. पण जड म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. मी वजनमापं तपासण्याच्या कार्यालयात काम करते. दुकानदारांचे काटे माझ्या टेबलावर येतात, मी पास करते किंवा नापास.

८ सप्टेंबर, रविवार
पहिली शोरूम. लाल गाडी. बाबा मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून आले. कॉलर सैल वाटली. आईने कपडे धुण्याची पावडर बदललीये, त्याने कापड ताणलं जात असावं.

लाल गाडी बाबांनी नाकारली. हॅण्डल फार खाली. म्हणाले, एवढं वाकून जायचं तर रस्ताभर नमस्कार घालत जाण्यासारखं आहे. सोफ्यावर बसल्या बसल्या, नुसतं लांबून बघून त्यांनी हे ओळखलं. याला म्हणतात अनुभव.

सेल्समन म्हणाला, काका, एकदा बसून तर बघा. बाबा म्हणाले, अरे, सोफा चांगला आहे तुमचा.

१५ सप्टेंबर, रविवार
निळी. मी टेस्ट राइड घेतली. चौकापर्यंत. सिग्नलला पाय टेकताना जरा कलंडले, पण पडले नाही. हवालदाराने धरलं, याला पडणं म्हणत नाहीत.

बाबा म्हणाले, इंजिनची गरमी मांडीला लागणार. मी म्हटलं, तुम्ही बसलात कुठे? म्हणाले, मी बसच्या बॉनेटशेजारी तीस वर्षं भाजलोय, मला गरमी दुरून कळते. निळी बाद.

येताना रिक्षातच झोपले. रात्री झोप लागत नाही म्हणाले. उकाडा आहेच.

१७ सप्टेंबर
आईने विचारलं, तू गाडी निवडतेयस की नवरा? नवरा याच्या आधी ठरतो. मी म्हटलं, नवरा बदलता येतो, गाडीचं तसं नाही. आई हसली नाही. हल्ली तिला विनोद कळत नाहीत.

संकल्प : महिनाअखेर फार घाईची होते. दहा ऑक्टोबर.

२९ सप्टेंबर, रविवार
करडी! हॅण्डल उंच, समोरची काच वर-खाली होते, सामानाला दोन्ही बाजूंनी डबे. मी बसले आणि वाटलं, हीच.

बाबा म्हणाले, मागची सीट पोस्टकार्डाएवढी आहे.

मला राग आला. लिहायला नको, पण आला. रविवारमागून रविवार चाललेत आणि यांचं आपलं हे नको, ते नको. मी म्हटलं, तुम्हाला जायचंय की नाही? बाबांनी गाडीकडे न बघता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, तागडीबाई, दर रविवारी सकाळी नटूनथटून तुझ्याबरोबर बाहेर पडतोय, याहून काय करू? (मी नोकरीला लागल्यापासून ते मला तागडीबाई म्हणतात.)

म्हणजे त्यांनाही उत्साह आहे. फक्त पारख कडक आहे. माझ्यात हा गुण कुठून आला ते कळलं.

४ ऑक्टोबर
बाबांना डॉक्टरांकडे नेलं. रिपोर्ट आले होते. आत आई आणि बाबा गेले. मला बोलावलं होतं, पण पार्किंगमध्ये अगदी करडीच उभी होती, कुणाची तरी. अशी संधी पुन्हा मिळत नाही. मी मागची सीट वितीने मोजली. पोस्टकार्डापेक्षा बरीच मोठी आहे.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, जरा बस, बोलायचंय. मी म्हटलं, आधी हे बघ, मागे धरायला दोन्हीकडे दांडे आहेत. आईने बघितलं. म्हणाली, छान आहेत. मग रिक्षा बघायला निघाली. एवढं महत्त्वाचं नसणार.

१० ऑक्टोबर
आजची तारीख ठरली होती. हुकली. पण शोरूमवाल्याचा फोन आला. म्हणाला, करडीचं मागचं सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणारी स्प्रिंग, माणसाच्या वजनाप्रमाणे लावून देतो, मागे बसणाऱ्याचं वजन सांगा. मी म्हटलं, अठ्ठ्याहत्तर. बाबांचं वजन अठ्ठ्याहत्तर आहे, लहानपणापासून मला पाठ आहे.

फोन ठेवल्यावर चैन पडेना. मी पाठांतरावर शिक्का मारणारी बाई नाही. प्रत्यक्ष वजन करून उद्या कळवेन.

११ ऑक्टोबर
एकसष्ट.

घरचा काटा बिघडलाय. स्वस्तातला आहे, स्प्रिंग आखडली असणार. बाबा काट्यावरून उतरत म्हणाले, काय, पास की नापास? मी म्हटलं, काटा नापास.

१४ ऑक्टोबर
काटा पिशवीत घालून ऑफिसला नेला. जेवणाच्या सुट्टीत तपासला. हातमोजे घालून एकेक प्रमाण वजन ठेवलं. उघड्या हाताने ठेवत नाही आम्ही, बोटांचा घाम वजनाला चिकटतो. वीस, चाळीस, साठ, ऐंशी. शेजारच्या टेबलावरच्या सीनियर बाई बघत होत्या. म्हणाल्या, बिनचूक आहे गं, कुणाचा? मी म्हटलं, एका गिऱ्हाइकाचा. तक्रार काय त्याची? कमी दाखवतो म्हणतो. बाई म्हणाल्या, सगळेच म्हणतात. काट्याला नावं ठेवायची आणि दळण घरी न्यायचं.

घरची फरशी सपाट नाही. कारण तेच. काटा समतल जागेवर लागतो, हे मीच रोज दुकानदारांना सांगते.

१५ ऑक्टोबर
स्वयंपाकघरातली फरशी हॉलपेक्षा सपाट आहे. पाण्याचा थेंब टाकून पाहिलं, हलला नाही. बाबांना तिथे उभं केलं. एकोणसाठ.

आई ओट्याशी भांडी विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, अजून कुठल्या कुठल्या फरशीवर उभं करणार आहेस त्यांना?

शोरूमला फोन केला. अठ्ठ्याहत्तरच ठेवा म्हटलं.

२० ऑक्टोबर, रविवार
बाबा शोरूमला आले नाहीत. म्हणाले, आज सोफ्याचा कंटाळा आलाय. मग मला कॉटवर शेजारी बसवून म्हणाले, करडी घे. या आठवड्यातच घे. मी म्हटलं, पण मागची सीट तुम्हाला पोस्टकार्डाएवढी वाटली होती ना? म्हणाले, मागच्या सीटचं राहू दे आता.

म्हणजे सीट पटली! मी म्हणतच होते. बुकिंग करून टाकलं. किती दिवसांनी एक काम तडीस गेलं.

२ नोव्हेंबर
करडी घरी आली. शोरूमपासून घरापर्यंत दोनदा बंद पडली. क्लच वेगळा आहे.

बाबांना मी आणि आईने धरून खाली आणलं. हेल्मेट घातलं तर ते डोक्याभोवती फिरायला लागलं. मोठ्या मापाचं आणलं मी, चुकून. एक पाय वर टाकायचा त्यांनी तीनदा प्रयत्न केला. मग वरचा शेजारी धावत आला आणि म्हणाला, उचलून ठेवू का काकांना? बाबा म्हणाले, पार्सल आहे का मी?

मी म्हटलं, सीट उंच आहे, मी कमी उंचीची बसवून घेते, मिळते वेगळी. बाबा पायरीवर बसले होते, दम खात. म्हणाले, सीट उंच नाही, बाई.

मी म्हटलं, आहे. मला कॅटलॉग पाठ आहे.

ते म्हणाले, तागडीबाई, तू दुकानदारांना फसवू देत नाहीस ना? मग मला तरी कशाला फसवू देतेस? मला कळतंय, तुझ्या आईला कळतंय, त्या सोफेवाल्या पोरालासुद्धा पहिल्या रविवारी कळलं होतं. त्याने मला न मागता पाणी आणून दिलं.

आई वर निघून गेली. मी गाडी पुसत बसले. पुसण्यासारखं काही नव्हतं, नवीच आहे.

३ नोव्हेंबर
डॉक्टरांनी महिनाभरापूर्वी काय सांगितलं ते आज आईकडून ऐकून घेतलं. पूर्ण. इथे लिहिणार नाही.

लिहून काही बदलणार नाही आणि न लिहूनही. हे दुसरं मला आजच कळलं.

९ नोव्हेंबर
बाबा म्हणतात, तू जा. बघून ये आणि मला फोनवर सांग. मी म्हटलं, तुम्ही बरे झालात की जाऊ दोघं. बाबांनी नुसती भुवई उचलली. बस अर्धवट वळवलेली असताना मध्ये स्कूटर घालणाऱ्याकडे ते असंच बघत.

उद्या पहाटे निघते.

१० नोव्हेंबर
मागचं सस्पेन्शन अठ्ठ्याहत्तर किलोला लावलंय. मागे कुणी नाही. प्रत्येक खड्ड्याला गाडीचा मागचा भाग उसळून मला पुढे ढकलत होता. तळ्यापर्यंत कंबर गेली. माझी स्वतःची मोजणी, स्वतःचा शिक्का. तक्रार कुणाकडे करणार?

शेवटच्या थांब्यावर थांबले. पत्र्याची शेड, एक बाक. बस वळवून वळवून जमिनीवर मोठं गोल काळं वर्तुळ उमटलंय. त्यातले काही थर बाबांचे असणार. मी वर्तुळ ओलांडून पुढे गेले.

चढ. दोन वळणं. मग एक कुलूप लावलेलं लोखंडी फाटक. पलीकडे बंद पडलेली दगडाची खाण. रस्ता संपला.

एवढंच? मी हेल्मेट काढून बघतच राहिले. बाबांना खोटं सांगावं असं मनात आलं. दरी सांगावी, धबधबा सांगावा. अख्खं वाक्य तयार केलं. फोन आईने उचलला आणि त्यांच्या कानाशी धरला. मी म्हटलं, बाबा, खाण आहे. बंद आहे. फाटकाला कुलूप. एक पिवळं कुत्रं आहे.

 मग हसल्यासारखा आवाज आला. म्हणाले, म्हणजे बस बरोबर ठिकाणी वळत होती.

मी म्हटलं, हो.

म्हणाले, अजून सांग. मी कुत्र्याचं सांगितलं. एक कान पडलेला आहे. फाटकाचा रंग उडालाय, खाली हिरवा दिसतो. दगड गुलाबीसर आहेत. उन्हात बरे दिसतात. खाली तळं आहे आणि इथून ते रस्त्यावरून दिसतं त्यापेक्षा लहान वाटतं. शेडचा पत्रा चमकतोय. आत्ता एक बस आली, वळतेय. एका दमात वळली नाही, ड्रायव्हरला रिव्हर्स घ्यावा लागला.

यावर काहीतरी बोलतील म्हणून मी थांबले. आईचा आवाज आला. झोप लागली त्यांना, म्हणाली. हसत होते. तू बोलायचं तर बोल, मी धरलाय फोन.

मी अजून थोडं सांगितलं.

मग गाडी वळवायला घेतली. चढाचा रस्ता, अरुंद, खडी. वळेना. पुढे ढकलली, मागे ओढली, तशीच आडवी अडकून बसले. शेवटी खाणीचा म्हातारा वॉचमन फाटकाचं कुलूप काढून बाहेर आला. एवढी मोठी गाडी घेऊन आलात, म्हणाला, बरोबर कोण आहे?

कुणी नाही, म्हटलं. एकटीच आहे.

त्याने मागून धरली. मी पुढून वळवली.