सहावी गोळी

रत्नागिरी,
रविवार, ता. १२ जानेवारी १९५८

प्रिय नासिर,

सात वर्षांनी माझं अक्षर बघून तुला नवल वाटेल. रागही येईल, आणि आला तर तो रास्तच आहे. तू खलाशी आहेस त्या बोटीचा पत्ता जयगडला जाऊन तुझ्या अम्मीकडून घेतला. त्यांनी आग्रहानं सांदण वाढलं.

मी आता आपल्याच शाळेत मास्तर आहे आणि एन.सी.सी.च्या मुलांना नेमबाजीही मीच शिकवतो. हसू नकोस. गावाबाहेरची तीच जांभ्याची खाण, तीच जुनी रायफल. वर्गात एक मिनिट स्वस्थ न बसणारा शिवा नावाचा मुलगा इथं पाच गोळ्यांसाठी तासभर गप्प आपल्या पाळीची वाट बघतो. श्वास धरा, घोडा हळू दाबा, चूक झाली तर लगेच हात वर करा, लपवू नका, असं मी त्यांना सांगतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

तो निवडीचा दिवस तू विसरला नसशील. पुण्याच्या कँपला एकच मुलगा जायचा होता आणि तो तूच, हे मलाही ठाऊक होतं. कँप केला की फौजेत भरती सोपी, असं तू म्हणायचास. टारगेटं जुनीच वापरायची, म्हणून सकाळी आपण आधीची भोकं कागदाचे तुकडे लावून बुजवली. अम्मींनी तांदळाची खळ करून दिली होती. वाटी मी धरली, तुकडे तू चिकटवलेस. एकही भोक राहिलं नव्हतं. मग आपण शेजारी शेजारी पालथे पडलो. माझं टारगेट तीन नंबरचं, तुझं चार. शेवटच्या, पाचव्या गोळीला मला घाई झाली. नंबर बघितलाच नाही. घोडा दाबला आणि त्याच क्षणी कळलं, गोळी तुझ्या टारगेटवर गेली.

हवालदारसाहेबांना तुझ्या टारगेटवर सहा भोकं सापडली. त्यांनी ठरवून टाकलं की मधलं एक जुनं भोक तू गुण वाढावेत म्हणून मुद्दाम उघडं ठेवलंस. माझ्या टारगेटवर चारच होती, पण एक जरा फाटलेलं. म्हणाले, वा रे पठ्ठ्या, एकाच भोकातून दोन गोळ्या! तू एवढंच म्हणालास, "सायेब, मी सगली बुजवली होती," आणि माझ्याकडे बघितलंस. खळीची वाटी माझ्या पायाशी होती. मी बुटाची नाडी बांधत बसलो.

तुझं नाव कटलं. पुढे तू शाळाच सोडलीस. पुण्याला मी गेलो. ती दोन गोळ्यांची गोष्ट हेडमास्तर अजून दर वर्षी बक्षीस समारंभात सांगतात आणि मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो. लाज वाटते रे, फार लाज वाटते.

यंदा तुझा धाकटा भाऊ हारुन माझ्या तुकडीत आलाय. परवा पहिल्यांदा रायफल हातात घेतली, तेव्हा त्यानं आधी टारगेटाचा नंबर मोठ्यानं वाचला. कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाला, "भायनं. भाय म्हनतो, नंबर बघल्याबिगर घोडा दाबू नको, गोली शेजाऱ्याच्या टारगेटावर जाते." म्हणजे तुला तेव्हापासून ठाऊक होतं, नासिर. आणि तरी माझ्याकडेच शिक, असं त्याला तूच लिहिलंस म्हणे. मग त्यानं अगदी सहज विचारलं, "सर, तुमची गेली काय कदी?" सगळी मुलं बघत होती. मी म्हणालो, नाही.

सात वर्षांपूर्वी मी नुसता गप्प बसलो होतो. परवा तोंडानं खोटं बोललो, तेही तुझ्या भावाशी. उद्या परेडला हेडमास्तरांना बोलावलंय. सगळ्यांसमोर हात वर करणार आहे. ऐन वेळी पुन्हा बुटाची नाडी आठवू नये, म्हणून हे पत्र आजच टपालपेटीत टाकतो. मी सांगितलं की नाही, ते हारुनला विचार.

तुझाच, म्हणू देशील तर,
काशीराम