सुईएवढं भोक

३ तारीख, सोमवार

परत आली ती पांढरी गाडी! दातांच्या डॉक्टरीणबाईंची हायब्रीड. बाई सांगतात, पुलावर चढताना समोरचे सगळे दिवे पेटले आणि गाडी जागीच ढिम्म. आमच्या गॅरेजच्या दारात येईपर्यंत सगळं साफ — एक दिवा नाही. ही तिसरी खेप. मागच्या आठवड्यात ब्रेकचा कंट्रोलर मीच बदलला होता.

मालकांनी किल्ली माझ्या हातातून घेतली आणि धाकटीला दिली. सगळ्यांदेखत. सतरा वर्षं मी इथली इलेक्ट्रिशियन. ती माझी सख्खी बहीण, चार महिन्यांपूर्वी कोर्स करून आली, मीच शब्द टाकून चिकटवली तिला इथे. आता हायब्रीडचा वेगळा विभाग निघतोय. प्रमुख कोण, ते मालक याच महिन्यात ठरवणार. ती जागा मला हवी आहे. इथे तरी खरं लिहिते.

४ तारीख, मंगळवार

अर्धा तास ती डॉक्टरीणबाईंशी बोलत बसली. दिवे कधी लागतात? गाडी धुतल्यावर? खड्ड्यातून गेल्यावर? मी आपली मशीन जोडते, बिघाडाचा कोड वाचते, पुसते, मोकळी होते. ती सगळं वहीत उतरवत होती. शाळेतही तिचंच अक्षर चांगलं.

५ तारीख, बुधवार

नाकाला मिरच्या झोंबल्यात. ब्रेकच्या कंट्रोलरनं कोड टाकला होता — 'संपर्क तुटला'. म्हणून मी तो बदलला. धाकटी म्हणते कशी, "ताई, तो बिचारा एवढंच सांगत होता, मला हायब्रीडच्या कंट्रोलरचं काही ऐकू येत नाहीये. तू सांगणाऱ्यालाच काढून टाकलंस होय?"

आमच्या गॅरेजच्या रंगवाल्याच्या हातातून ब्रश पडला, इतका हसला. हसले मीही. दात दाखवायला काय जातं.

घरी आल्यावर आई — "धाकटीला आज काम सांगू नकोस गं, दमून आलीये." मी काय बागेतून फिरून आले होते?

६ तारीख, गुरुवार

देवा, तिला नको सापडू दे.

७ तारीख, शुक्रवार

सापडलं.

चाकाच्या मागच्या वायरींच्या जुडग्यावर तिनं पाणी फवारलं, मग वीत-वीत पुढे सरकत जुडगा हलवून बघितला. एका जागी हलवल्यावर समोर सगळे दिवे भगभगले. टेप सोडली. दोन्ही कंट्रोलरांचं बोलणं ज्या वायरींतून जातं, त्यातल्या एकीच्या सालीवर सुईएवढं भोक. आत पाणी शिरून तांबं हिरवं पडलेलं. कुणीतरी कधीतरी करंट बघायला वायरीत सुई टोचली होती, आणि भोक तसंच सोडलं होतं.

मी टोचते सुई. गुपचूप. टोचायची नसते हे ठाऊक आहे, पण काम पटकन होतं. या वायरीत कधी टोचली ते आठवेना, पण भोक माझंच.

मालक लालबुंद. "पुलावर मागून ट्रक आला असता म्हणजे? ज्यानं कोणी हे केलंय, त्यानं उद्यापासून येऊ नये." मी सुटलेली टेप गुंडाळत राहिले.

आणि धाकटी म्हणाली, "मीच असेन. इथे लागले तेव्हा याच गाडीवर हात बसवत होते."

खुळी कुठली. कुठल्या तरी दुसऱ्या गाडीशी घोळ घातला असणार तिनं. मी तोंड उघडलं नाही.

८ तारीख, शनिवार

मालकांनी तिला काढलं नाही. महिनाभर ऑइल बदलायला लावलंय. विभाग मला!

आनंद झाला. झाला तर झाला, कुणापासून लपवू? चार महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवले. धाकटी नखांतलं काळं काढत बसली होती. आई म्हणाली, "काय झालं गं हिला?" मी म्हटलं, "कामात चुका होतात, आई. शिकेल हळूहळू."

११ तारीख, मंगळवार

नव्या विभागाच्या कपाटात दुरुस्त्यांच्या नोंदींची जुनी जॉबकार्डं लावत होते. पांढऱ्या गाडीचं निघालं. 'करंट तपासला' — अक्षर माझं, सही माझी. तारीख दोनदा वाचली. सात महिने झाले त्याला.

धाकटी तेव्हा इथे नव्हतीच! दुसऱ्या गावात, कोर्सच्या वसतिगृहात होती. ती गाडी तिनं गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच उघडली. म्हणजे घोळ नाही, काही नाही. मालकांना तारखा कुठे लक्षात राहतात, तेवढ्यावर ती खोटं बोलून गेली.

दिवसभर हात चालले नाहीत. एक फ्यूज बसवायला तीनदा उठले.

१२ तारीख, बुधवार

सकाळी जिन्यातच अडवलं तिला. खोटं का बोललीस?

म्हणाली, "तुला काढलं असतं, ताई. मला काढणार नव्हते, हे मला माहीत होतं."

खरं आहे ते. म्हणूनच अंगाची आग झाली. तिच्या आधी गॅरेजवर पोचले आणि माझ्या सहीचं ते कार्ड मालकांच्या टेबलावर ठेवलं.