यांची ग्रीक पुस्तकं

३ फेब्रुवारी १९५७

देऊन टाकली! लॅटिन, ग्रीक, कोश, व्याकरणं — सगळी. विद्यापीठात त्या भाषांचा संग्रह उभारायचाय म्हणे. यांचे जुने विद्यार्थी दिघे तिथल्या ग्रंथालयात आहेत, ते सकाळच्या एस.टी.नं आले. चहा संपायच्या आत हे हो म्हणाले. मला विचारलं नाही. "वाचणारे असतील तिथं पुस्तकं असावीत," एवढंच म्हणाले.

मग मी कोण?

४ फेब्रुवारी

काल रागात लिहिलं. आज नीट लिहिते.

लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा हे कॉलेजातून आले की थेट पुस्तकांच्या खोलीत. मी दाराशी चहा ठेवायची आणि परत फिरायची. वर्षामागून वर्षं तशीच गेली. मग यांना काचबिंदू झाला. नोकरी सुटली, आम्ही इथं पौडजवळच्या आंबोलीला यांच्या शेतावर राहायला आलो. अगदी थोडं दिसत होतं तेव्हा यांनी पाटीवर मोठमोठी ग्रीक अक्षरं काढून मला शिकवली. माझं शिक्षण पौडच्या शाळेत सातवीपर्यंत! पण अक्षरं आली. अर्थ नाही — नुसता उच्चार.

तेव्हापासून ऊन कललं की ओट्यावर मी वाचायची, हे डोळे मिटून ऐकायचे. बहुतेकदा निळ्या पुठ्ठ्याचं ते मोठं काव्यच. पहिल्या दिवशी माझी जीभ अशी काही अडखळली की मी हसत सुटले, आणि हेही. यांना तसं हसताना मी तोवर पाहिलंच नव्हतं. मध्येच थांबवून सांगायचे — आता जहाजं किनाऱ्याला लागली. आता म्हातारा बाप रडतोय. मग माझेही डोळे भरायचे.

यांचे डोळे गेले तेव्हा कुठं मी त्या खोलीच्या आत आले. असं बोलू नये. पण खरं आहे.

७ फेब्रुवारी

पुस्तकं अंगणात उन्हाला घातली. पानांतला वाळका कडुलिंब झटकला. वन्सं बघत बसल्या होत्या — गोजराबाई, यांची थोरली बहीण. म्हणाल्या, "एवढी वर्सं ह्या कागदांनी घर अडवलंया. जाऊ दे की. तुला कशाचं वाईट वाटतंया?"

मी कामाला लागले.

दुपारी यांना विचारलं, निळं तेवढं ठेवायचं का? म्हणाले, त्याच्यावाचून संग्रह कसला, पोरं काय वाचतील. बरोबरच आहे. तरी राग आला.

८ फेब्रुवारी

वाचन नाही. मी बसले नाही, यांनी बोलावलं नाही.

१० फेब्रुवारी

गेली.

दिघे जीप घेऊन आले. आमच्या कुशाबा गड्यानं खोकी उचलली. दगडापरीस जड हायेत, म्हणाला. हे खुर्चीत बसून एकेक पुस्तक चाचपत होते, ते कुठून आलं ते सांगत होते आणि मगच पुढं देत होते. हे कॅम्पातल्या जुन्या दुकानात मिळालं. हे एका म्हाताऱ्या पाद्र्यानं परत मायदेशी जाताना दिलं. हे आणलं त्या दिवशी घरी जेवायला पाहुणे आहेत हेच विसरलो — आठवतं ना? आठवतं. श्रीखंड केलं होतं मी.

निळं हातात आलं तेव्हा मात्र पुठ्ठ्यावरून एकदा हात फिरवला. तसंच दिघ्यांना दिलं.

जीप पौड रस्त्याला लागेपर्यंत मी अंगणात उभी होते. मग चुलीपाशी जाऊन बसले.

१७ फेब्रुवारी

दिघे आले होते. पुस्तकं फडताळांत लागली, मुलं येऊन बघतात, हे सांगायला. हे कुशाबाबरोबर शेतावर होते, तेव्हा मी धीर करून विचारलं, निळं पुस्तक थोडे दिवस आणता येईल का? यांना रोज ऐकायची सवय आहे.

"सरांना?" दिघे बघतच राहिले. "वहिनी, ते काव्य सरांना तोंडपाठ आहे. आम्हाला शिकवताना त्यांनी पुस्तक कधी हातात धरलं नाही."

हे परत आले. ऊन कलल्यावर मी रिकाम्या हातांनी ओट्यावर गेले. बांगड्या वाजल्या, तशी यांनी सरकून शेजारी जागा केली.