कोण कोण उठलं

ऑक्टोबर. इडसला सहा दिवस

बारावी गुंडाळी अडली! सतरा वर्षांचा इतिहास भराभर उतरला आणि आता ओफिलिउसच्या खटल्याच्या सकाळपाशी लेखणी हलत नाही. इडसला, म्हणजे महिन्याच्या मध्याला, वाचन ठरलंय, आमंत्रणं गेलीत. जुना सम्राट मेला, आता लिहायला कसली भीती, असं जो तो म्हणतो. मला भीती त्याची नव्हतीच.

त्या दिवशी सिनेटमध्ये कौल नेहमीसारखाच घेतला — ज्याला मृत्युदंड मान्य, त्यानं उठून ठराव मांडणाऱ्याच्या बाजूला जायचं. कारकून ठराव लिहितात, कोण चाललं ते लिहीत नाहीत. मी गेलो. गर्दीबरोबर गेलो — दहावा असेन, बारावा असेन. माझा जिवलग मित्र ओफिलिउस समोर उभा होता आणि मी खाली फरशी बघत चाललो होतो. इथं लिहितोय. पुस्तकात अजून नाही.

इडसला पाच दिवस

अव्हिडिया आली. ओफिलिउसची बायको, नऊ वर्षांनी माझ्या दारात. येताना अंजीर घेऊन आली!

"भाऊजी, लिहिता लिहिता त्या सकाळपर्यंत आलात म्हणे. नावं घाला. कोण कोण उठलं, एकूण एक. त्यांच्या नातवंडांना कळू दे."

"घालतो," म्हणालो. तेही तिच्या डोळ्याला डोळा भिडवून. लाज वाटते.

"तुम्ही होतात ना तिथं?"

"होतो."

"मग तुम्हाला आठवतच असेल."

इडसला तीन दिवस

सोळा नावं लिहिली. माझं सोडून.

इडसला दोन दिवस

पेटिलिउसनं सार्वजनिक स्नानगृहात गाठलं. तोही त्या दिवशी उठलेला. पाठीला तेल चोळून घेत, हसत म्हणाला, "काटिआनुस, माझं नाव वाचलंस तर मी भर सभेत उभा राहून तुझं वाचीन. आपण एकाच माळेचे मणी, लेका."

घरी येऊन त्याच्या नावावर ओला स्पंज फिरवला. शाई ताजी होती, लगेच गेली. बायको दारात उभी.

"अहो, एकच पुसलंत की अजून आहेत?"

तिच्यावर ओरडलो. उगाच.

इडस

वाचन झालं. पंधरा नावं.

अव्हिडिया अगदी पुढे बसली होती. एकेका नावाला एकेक बोट मिटत होती, दहा झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून. पंधरावं झालं तरी माझ्याकडे बघतच राहिली. मी गुंडाळी पुढे उलगडली.

पेटिलिउसनं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या! इतकं निर्भीड कुणी लिहिलं नाही, सगळे म्हणाले.

इडसनंतरचा दिवस

अव्हिडियाचा नोकर पत्र देऊन गेला. तिचं नाही — ओफिलिउसचं. मरणाच्या आदल्या दिवशी तिला लिहिलेलं, त्याच्याच अक्षरात.

"सगळ्यांत आधी काटिआनुस उठला. मला वाटलं, माझ्या शेजारी उभा राहायला येतोय."